आमची वाटचाल : भिंतभर शोकेसपासून निवांत घरापर्यंत

आमच्या आप्पांना निम्मं कोल्हापूर 'शोकेसवाले' म्हणून ओळखायचं. उद्यमनगरात पत्र्याची शेड, चार सुतार आणि दारात सागवानाच्या फळ्या. नव्वदच्या दशकात घर बांधलं की हॉलमध्ये भिंतभर शोकेस हवंच असायचं. त्यात टीव्ही, पोरांच्या ढाली, काचेची हंसांची जोडी आणि कुणीतरी आहेरात दिलेला ताजमहाल. आज मी आणि धाकटा भाऊ तोच व्यवसाय चालवतो, आणि आमच्या बऱ्याच कामांची सुरुवात आप्पांच्याच हातची शोकेस उतरवण्यापासून होते. आप्पा साइटवर आले तर एवढंच म्हणतात, "लाकूड टाकू नका, जुनं सागवान आहे." आम्ही टाकतही नाही. रंधा मारला की आतून जो रंग निघतो, तो आज बाजारात पैसे मोजूनही सहज मिळत नाही.

मी इंटिरिअरचा डिप्लोमा करून आले तेव्हा पहिली अडचण डिझाइनची नव्हती, बिलाची होती. इथं ड्रॉइंगचे पैसे मागितले की माणूस हसतो. "कागदाचे कसले पैसे ओ ताई, काम तर तुम्हालाच द्यायचंय की." मग बरेच जण प्लायच्या आणि हार्डवेअरच्या दुकानातून टक्केवारी घेऊन ते भरून काढतात. गिऱ्हाईकाला ते कळत नाही, पण माल महाग पडतो. आम्ही फी उघडपणे बिलात लावली आणि माल गिऱ्हाईकानं स्वतः घ्यायचा, असं ठरवलं. सुरुवातीला त्यापायी कितीतरी कामं हातची गेली. जी राहिली ती मात्र नात्यागोत्यात पसरत गेली. कोल्हापुरात जाहिरातीपेक्षा आत्याच्या जावेनं काय सांगितलं, याला वजन जास्त.

'जपानी टाइप करून द्या' अशी मागणी गेल्या काही वर्षांत सुरू झाली. फोनवरचे फोटो पुढे येतात : पांढरी भिंत, बुटका पलंग, एक फांदी. फोटोत कुणी राहत नसतं. त्यात दप्तर नाही, पाण्याची टाकी भरल्याचा अलार्म नाही, लग्नपत्रिकांचा गठ्ठा नाही. हे दाखवून दिलं तर लोकांना वाटतं, आम्हाला ते काम जमत नाही.

या कामाला आम्हाला खरं वळण मिळालं ते रमणमळ्यातल्या एका घरानं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी त्यांच्या तळमजल्यात शिरलं. नदीवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वेळी पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं होतं. पाणी ओसरल्यावर आम्ही बघायला गेलो तर एमडीएफची, म्हणजे लाकडाचा लगदा दाबून केलेल्या फळ्यांची कपाटं दुधात पडलेल्या पावागत फुगलेली. आप्पांचं जुनं देवघर तेवढं धुऊन पुसून पुन्हा उभं राहिलं. घरात माणसं पाच : फाउंड्रीवाले दादा, शिक्षिका वहिनी, दोन मुलं आणि आजी. वहिनींना शांत, जपानी-चिनी वळणाचं घर हवं होतं. दादांची एकच अट, "दवाखान्यागत दिसायला नको." आजींचा प्रश्न त्याहून रोखठोक होता. फोटोतला बुटका सोफा बघून म्हणाल्या, "मला खाली बसवशील गं, उठवणार कोण?"

त्या प्रश्नातून त्या घराची बैठक निघाली. जपानी घरातल्या तातामी चटईचं माप साधारण तीन फूट बाय सहा फूट असतं आणि त्या मापावरच खोली बेतली जाते. आम्ही ते माप घेतलं, उंची मात्र सोळा इंच ठेवली. आजी कडेला पाय सोडून बसतात, मुलं वर मांडी घालतात, पाहुणा आला तर झोपतो. खरी तातामी आपल्या पावसाळ्यात टिकायची नाही, तिला बुरशी धरते. म्हणून तमिळनाडूची पट्टमडईची कोरई गवताची चटई घातली. ऊन पडलं की ती गुंडाळून गच्चीवर नेता येते. बैठकीखाली खोल ड्रॉवर आहेत आणि ते चॅनेलवरून पूर्ण निघतात. पाणी वाढल्याची बातमी आली की सामानासकट उचलून माडीवर. खालचे पाय ग्रॅनाइटचे, जमिनीलगतचा थोडा भाग मोकळा, तिथं लाकूड टेकवलेलंच नाही. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला तेव्हा त्यांनी ड्रॉवर वर नेले आणि मग आम्हाला फोन केला, असं वहिनी सांगतात.

ड्रॉवरचं एवढं सांगण्याचं कारण आहे. माझ्या मते निवांत दिसणारं घर हे मुळात साठवणीचं घर असतं. चपला कुठं निघतात, चार्जर कुठं लागतात, दळणाचा डबा कुठं जातो, हे आधी ठरलं की भिंत आपोआप रिकामी राहते. जपानी घरात दारातच गेन्कान नावाची एक पायरी खालची जागा असते, तिथं पादत्राणं उतरतात. आपल्या जुन्या घरात सोप्याच्या पायरीशी हेच व्हायचं. नव्या फ्लॅटमध्ये दार उघडलं की थेट सोफा, मग चपलांचा ढीग जिन्यात. आमच्या अंदाजपत्रकात निम्म्याच्या आसपास पैसा दिसत नाही अशा जागी जातो. लोक सुरुवातीला कुरकुरतात. दिसणाऱ्या गोष्टीला पैसे द्यायची आपल्याला सवय आहे.

सरकत्या पडद्यांचं काम भावानं हौसेनं केलं. शोजी म्हणजे जपानी सरकता पडदा, त्याला लाकडी चौकटीत वाशी नावाचा जपानी कागद असतो. लहान मुलं असलेल्या घरात त्या कागदाचं आयुष्य सांगायला नको. आम्ही चौकट उतरवलेल्या जुन्या शोकेसच्या सागवानाची केली आणि कागदाऐवजी इचलकरंजीचं पांढरं सुती कापड ताणून बसवलं. पट्टी काढली की कापड धुवायला निघतं. बल्ब २७०० केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे लावले. संध्याकाळी उजेड त्या कापडातून गाळून येतो. चौकटीचे सांधे खिळा न मारता, खाच आणि खुंटीवर बसवले. त्यासाठी भावानं जॉर्ज नाकाशिमांच्या कामाचे फोटो पुन्हापुन्हा बघितले. जपानी वंशाचा हा अमेरिकन कारागीर १९३० च्या दशकात पुदुच्चेरीत गोलकोंड या इमारतीच्या बांधकामावर होता आणि १९६४ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत फर्निचर करायला आला. त्यामुळे सागवानावर जपानी सांधा हे काही आमचं डोकं नाही, वाट आधीच मळलेली आहे.

मग मिश्र वस्तूंचा प्रश्न. आजींचे सासरे लष्करात होते, त्यांनी ब्रह्मदेशातून आणलेला लाखेचा एक डबा घरात होता. इतकी वर्षं माळ्यावर पडून होता, त्यात बटणं. आत विणलेल्या बांबूचा सांगाडा, त्यावर झाडाच्या चिकाचे थरावर थर, नखानं टिचकी मारली तर पोकळ, हलका आवाज. आपल्या सावंतवाडीच्या कामात लाख किड्याची असते, म्हणून चकाकी वेगळी पडते. तो डबा आणि सावंतवाडीची एक वस्तू शेजारी ठेवली आणि बाकी फळी मोकळी सोडली. देवघरासमोर तमिळनाडूतल्या अत्तनगुडीच्या फरशीचा छोटा चौकोन आहे. ही फरशी काचेवर ओतून हातानं करतात, भाजत नाहीत. खोल्यांमधली जाफरी कोकणातल्या माणगा बांबूची. तो भरीव असतो, पण बोरॅक्स-बोरिकच्या पाण्यात मुरवल्याशिवाय आम्ही तो घरात आणत नाही, नाहीतर कीड लागून वर्षभरात खाली पीठ पडायला लागतं. घोंगडी मात्र जमिनीवर घालायला आजींनी साफ नकार दिला. ती बैठकीच्या पाठीला आली, आणि मला वाटतं तिथंच ती जास्त शोभते.

एवढं सगळं एकत्र नांदतं, कारण लाकूड एकच आहे, भिंतीला चुन्याचा मळकट पांढरा आहे आणि बहुतेक वस्तू बसलेल्या माणसाच्या डोळ्याखाली राहतात. हसरा बुद्ध नाही. तो हवा असेल तर गिऱ्हाईकानं स्वतः आणावा, आम्ही अडवत नाही, पण सुचवतही नाही.

त्या घरानंतर अशी कामं वाढली. ताराबाई पार्कात, रुईकर कॉलनीत, एक गडहिंग्लजला. पुण्याहून परत येऊन घरूनच काम करणारी जोडपी जास्त विचारतात. शेड तीच आहे. सुतार वाढले, त्यातले दोघे आप्पांच्या हाताखालचेच. पितृपंधरवड्यात नवीन काम येत नाही, ती सवड आम्ही हत्यारांना धार लावायला वापरतो. भर पावसाळ्यात पॉलिशचं काम आम्ही घेत नाही, दमट हवेत त्यावर पांढरट धुरकटपणा येतो आणि मग तो काढत बसावं लागतं. तेव्हा ज्यांना दसऱ्याला नव्या घरात राहायला जायचंय, त्यांनी होळीच्या आत आमच्याशी बोलावं. आणि जुनं शोकेस असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी एक फोन करावा.