आमची वाटचाल : शिमच्या डब्यापासून स्कॅनरपर्यंत

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात आमचं गॅरेज आहे. फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर मिळणारी गाडी, सोडून दुसऱ्या गाडीला आम्ही पाना लावत नाही. हा माज नाही, उद्यमनगराची सोय आहे. चार पावलांवर लेथवाला, पलीकडच्या गल्लीत गिअर कापणारा, गरज पडली तर शिरोलीला फाउंड्री. जुन्या जीपचा बुश मिळाला नाही म्हणून गाडी उभी राहिली, असं इथं होत नाही. नमुना दिला की संध्याकाळी नवा बुश हातात. करूळ, भुईबावडा, आंबा, फोंडा हे सगळे घाट आमच्या दारातूनच कोकणात उतरतात, त्यामुळे गिऱ्हाईक शोधायला कधी बाहेर पडावं लागलं नाही.

सुरुवात जुन्या महिंद्रा जीपच्या, सीजे थ्री-बीच्या, पुढच्या अ‍ॅक्सलने झाली. हा अ‍ॅक्सल ज्याला जमला त्याला जीप जमली. टोकाला बंद गोल नकल, म्हणजे चाक वळवणारा सांधा, आत क्रॉस जॉइंट, वर-खाली किंगपिनचे (ज्यांवर नकल वळतो त्या खुंट्यांचे) टेपर बेअरिंग, आणि त्यांच्यावरचा दाब ठरवणारे शिम, म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्या. तीन थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), पाच थाऊ, दहा थाऊ, तीस थाऊ. आमच्या हत्यारांत सगळ्यात जास्त वापर झालाय तो या शिमच्या डब्याचा आणि साध्या स्प्रिंगच्या वजनकाट्याचा. नकलचं ऑइल सील काढून ठेवायचं, टाय रॉड (दोन चाकं जोडणारी स्टिअरिंगची दांडी) सोडवायचा, त्याच्या भोकात काटा अडकवायचा आणि नकल सावकाश ओढायचा. काटा 1.8 ते 2.7 किलोच्या मधे दाखवायला हवा. कमी दाखवला तर शिम काढा, जास्त दाखवला तर घाला, आणि काढ-घाल वर आणि खाली सारखी करा, नाहीतर जॉइंट मधोमध राहत नाही.

हे न मोजता अंदाजाने बोल्ट आवळले की ताशी 50-60 ला खड्डा लागला रे लागला, स्टिअरिंग हातात नाचायला लागतं. मग मालक टायर बदलतो, व्हील बॅलन्सिंग करतो, स्टिअरिंग डँपर बसवतो. पैसे जातात, दोष तिथंच राहतो.

दुसरी ओळखीची जागा म्हणजे त्याच जीपचा मॉडेल 18 चा ट्रान्सफर केस, म्हणजे गिअरबॉक्सचा जोर पुढच्या-मागच्या चाकांना पोचवणारा डबा. मुख्य गिअरच्या शेजारी दोन छोट्या दांड्या: एक पुढची चाकं जोडायला, दुसरी हाय-लो, म्हणजे साधा वेग आणि जास्त ओढीचा मंद वेग, बदलायला. पुढची चाकं जोडल्याशिवाय लो पडतच नाही, कारण लोचा सगळा जोर एकट्या मागच्या अ‍ॅक्सलवर येऊ नये. लोचं प्रमाण 2.46, म्हणजे जोर तेवढ्या पट. आत मधला शाफ्ट निडल रोलरवर फिरतो आणि झिजतो नेमका तोच. दांडी आपोआप निसटायला लागली, केसच्या टोकातून तेल पाझरायला लागलं की नुसतं सील बदलू नका. शाफ्टवर नख फिरवा. खड्डे लागले तर शाफ्ट आणि रोलर दोन्ही नवे. नव्या रोलरला जुना शाफ्ट म्हणजे दोन्ही पैसे पाण्यात.

या कामावर बरीच वर्षं गॅरेज नीट चाललं. महिंद्राच्या एमएम 540 आल्या, मारुतीच्या जिप्सी आल्या, 2010 ची महिंद्राची पहिली थार आली. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

लिहायचं आहे ते भागीदाराबद्दल. सुरुवातीचा शिमचा डबा त्यांनीच आणलेला, हे आम्ही नाकारत नाही. कान असा की जीप गल्लीच्या तोंडाशी असतानाच डिफरन्शिअलचा, म्हणजे दोन चाकांत जोर वाटणाऱ्या गिअरच्या डब्याचा, मोठा क्राउन गिअर वाजतोय की छोट्या पिनियन गिअरचं बेअरिंग, हे सांगायचे. पण पहिली थार आली आणि त्यांचं लक्ष कामावरून दिसण्यावर गेलं. त्या थारला पुढे स्वतंत्र सस्पेंशन आणि टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारा दांडा), मागे पाटे, म्हणजे पट्ट्यांची स्प्रिंग. कारखान्यातूनच गाडी पुढे जरा वाकलेली दिसायची, आणि पोरांना ते बघवत नव्हतं. टॉर्शन बारचा बोल्ट आवळला की नाक वर येतं. अर्ध्या तासाचं काम, सुटा भाग एकही नाही, पैसे रोख. भागीदारांनी आमच्यापासून वेगळं होऊन मोठ्या रस्त्यावर दुकान थाटलं ते याच बोल्टच्या जोरावर. जाताना दोन तयार पोरं आणि गिऱ्हाइकांची वही घेऊन गेले.

त्या बोल्टने काय होतं तेही सांगतो, कारण दुकानात ते कुणी सांगत नाही. टॉर्शन बार पिळल्याने स्प्रिंग उंच होत नाही, फक्त चाक उभं राहण्याची जागा खाली सरकते. चाकाला खाली जायला जो प्रवास शिल्लक हवा तो संपतो. मग चर लागला की चाक खाली जाऊन जमीन धरण्याऐवजी हवेत लटकतं, आणि ज्या ओढीसाठी फोर बाय फोर घेतली तीच जाते. शिवाय ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढतो, चाकाकडच्या सीव्ही जॉइंटचा, म्हणजे वळणाऱ्या चाकाला जोर पोचवणाऱ्या सांध्याचा, रबरी बूट घड्यांवर फाटतो, आपली तांबडी माती ग्रीसमध्ये शिरते, आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत वळताना कटकट सुरू. कँबर आणि टो, म्हणजे चाकाचा कल आणि रोख, बिघडून टायर एका कडेने खाल्ला जातो तो वेगळाच. वर भलेमोठे टायर घातले की फायनल रेशो हलका पडतो, म्हणजे चाकांना मिळणारी ओढ घटते, क्लच जळतो, स्पीडोमीटर खोटं बोलतो. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की गाडीत मूळ नोंदीशी न जुळणारे बदल चालणार नाहीत. त्यावर दुकानाची पाटी 'अ‍ॅक्सेसरीज' झाली. धंदा तोच.

2 ऑक्टोबर 2020 ला नवी थार बाजारात आली, आणि खरी अडचण तिथून सुरू झाली. लॉकडाउनने आधीच कंबरडं मोडलेलं. त्यात भागीदार गावभर सांगत फिरले की आम्ही हातोडावाले, नव्या गाडीला हात लावला तर वॉरंटी जाईल. जुनी गिऱ्हाइकं जुन्या जीप विकून नव्या घेत होती. आमच्या गॅरेजचं भाडं थकलं, लेथवाल्याची उधारी थकली, हायड्रॉलिक प्रेस विकायला काढला होता.

तगलो ते एका गिऱ्हाइकामुळे. गगनबावड्याकडचे काका. त्यांच्या गोठ्याशेजारच्या शेडमध्ये जुनी एमएम 540 आणि नवी डिझेल थार शेजारी शेजारी उभ्या असतात, दोन्ही रोज त्याच जांभ्याच्या रस्त्याने जातात. नवी गाडी घेतल्यावर त्यांनी आमच्याकडे चावी टाकली आणि म्हणाले, "वॉरंटीचं काम कंपनीत करतो. पण खालून गाडी वाचायची तुम्हीच, आणि मला सांगायचं." त्यांच्या दोन गाड्या आलटून पालटून लिफ्टवर घेऊनच आमचं नवं शिक्षण झालं.

खालून बघितलं तर फरक स्वच्छ दिसतो. 540 ला पुढे-मागे अखंड अ‍ॅक्सल आणि पाटे. एक चाक दगडावर चढलं की अ‍ॅक्सलचा दांडा दुसऱ्या चाकाला खाली रेटतो, आणि डिफरन्शिअलच्या गोळ्याखालची उंची जवळपास तेवढीच राहते. नव्या थारला पुढे डबल विशबोन, म्हणजे दोन्ही चाकं वेगवेगळी हलणारं सस्पेंशन, मागे अखंड अ‍ॅक्सल, चारही बाजूंना कॉइल स्प्रिंग. रस्त्यावर तिची बरोबरी नाही, पाठीचे मणके दुवा देतात. ग्राउंड क्लिअरन्स 226 मिलिमीटर लिहिलंय ते खरं, पण गाडी सपाटीवर उभी असताना. पुढची दोन्ही चाकं एकदम दबली की पोट खाली येतं, म्हणून ओढ्यातल्या दगडावर जुन्या सवयीने वेग घेऊ नका.

ओढीचा फरक त्याहून मोठा. 540 चा डिफरन्शिअल साधा, न अडकणारा, एक चाक हवेत गेलं की तेच फिरत बसतं. उतारूंनी खाली उतरून ढकलायचं. नवी थार हवेतल्या चाकाला ब्रेक लावते आणि जोर पलीकडच्या चाकाकडे पाठवते. काही मॉडेलांत मागे मेकॅनिकल लॉकरही, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र जखडणारी यंत्रणा, आहे. दोन चाकांच्या फिरण्यात मिनिटाला साधारण 100 फेऱ्यांचा फरक पडला की तो आतून आपोआप अडकतो. पण इथंच चालक चुकतात. चाक फिरलं की घाबरून पाय उचलतात. पाय उचलला की फरक संपला आणि लॉकरही सुटला. अ‍ॅक्सिलरेटर हलका पण एकसारखा धरून ठेवा, क्षणभर घरघर ऐकू येऊ द्या, गाडी आपली आपण चढते. फार वेळ तेच केलं तर ब्रेक तापतात आणि यंत्रणा स्वतःला बंद करते. अशा वेळी थांबा, निवू द्या.

या सगळ्याचं नाक म्हणजे चाकाजवळचा स्पीड सेन्सर. चिखलाचा पापुद्रा किंवा लोखंडाचा कीस त्यावर बसला, किंवा उंदराने वायर कुरतडली, की एबीएसचा, म्हणजे ब्रेकमध्ये चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा, दिवा लागतो आणि ब्रेकने चालणारी ओढ त्याच क्षणी गेली. हे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या स्कॅनरने मिनिटात कळतं. उद्यमनगरात पहिला चांगला स्कॅनर आम्ही घेतला तो प्रेस विकायचा थांबवून, काकांनी आगाऊ दिलेल्या पैशात.

दोन्ही गाड्यांत एक गोष्ट मात्र बदललेली नाही. पुढच्या आणि मागच्या चाकांमधला डिफरन्शिअल नाही. कोरड्या डांबरावर फोर-हायमध्ये, म्हणजे चारही चाकं जोडून साध्या वेगात, वळलात की पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल एकमेकांना पिळतात, दांडी अडकते. ओढाताण करू नका, स्टिअरिंग सरळ ठेवून थोडी मागे घ्या, सुटते.

जुलै 2021 च्या महापुराने आमचा हिशेब फिरवला. पंचगंगा राजाराम बंधाऱ्याजवळ 43 फुटांची धोका पातळी ओलांडून कितीतरी वर गेली होती. बुडालेल्या गाड्यांत नव्यांची गर्दी होती. मालकांनी काय केलं? पाणी ओसरल्यावर चावी फिरवली. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर गेला की पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. स्टार्टरच्या एका झटक्याची किंमत अख्खं इंजिन.

गाडी बुडाली असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. एअर फिल्टर आणि इंटरकूलरच्या नळ्या सोडा. डिझेल असेल तर ग्लो प्लग (सिलिंडर तापवणारे) काढा, क्रँक पुलीला पाना लावून इंजिन हाताने फिरवा, पाणी वरून बाहेर येऊ द्या. मग इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, दोन्ही डिफरन्शिअल, सगळ्यांचं तेल थोडं काढून बघा. दुधाळ, म्हणजे पाणी मिसळलेलं, दिसलं की बदला, आठवड्याने पुन्हा बदला. आमची पोरं आधी ब्रीदर, म्हणजे आतली हवा आत-बाहेर होऊ देणारं तोंड, बघतात. तापलेला अ‍ॅक्सल गार पाण्यात शिरला की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर मातीने बुजला असेल तर पाणी सीलमधून आत ओढलं जातं. 540 ला ब्रीदर अ‍ॅक्सलवरच असतो. काकांच्या गाडीला आम्ही नळी जोडून तो बॉनेटखाली नेलाय. 540 पुरातून काढून तेलं बदलली की सुरू होते, कारण तिला तारा किती? नव्या गाडीचे कनेक्टर एकेक सोडून वाळवावे लागतात. एअरबॅगचा कंट्रोल युनिट बुडाला असेल तर तो नवाच, आणि तोपर्यंत बॅटरी जोडायची नाही. सहा महिन्यांनी पिनांवर हिरवट गंज चढतो आणि दोष तेव्हा उगवतो, म्हणून विम्याचा दावा घाईने बंद करू नका.

त्या पावसाळ्यात आमचं गॅरेज दिवसरात्र चाललं. उधाऱ्या फिटल्या. स्कॅनरवर बसणारी पोरगी गव्हर्नमेंट आयटीआयची आहे, तिला शिमही लावता येतात. 2023 ला मारुतीची जिम्नी आली. तिला पुढे-मागे अखंड अ‍ॅक्सल, कॉइल स्प्रिंग, आणि पुढे तोच गोल नकल, किंगपिनसकट. जिम्नीवाल्यांना एवढंच सांगणं, चिखलातून आल्यावर नकलचा गोळा नुसता धुऊन सोडू नका. धुतल्यावर स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवा, फेल्टच्या पट्टीने गोळा पुसू द्या, नाहीतर गंजाचे खड्डे सील कापतात.

भागीदारांच्या दुकानातून नाक वर केलेल्या जुन्या थार अजून येतात, कटकट वाजत. बोल्ट परत मोजून उतरवतो, बूट आणि ग्रीस नवं घालतो, अलाइनमेंट करतो. बिलावर चारही कामं वेगळी लिहितो. आणि या कामावर सवलत देत नाही.