नऊ आकड्यांसाठी एकावन्न दिवस

नेदरलँड्समधल्या डेल्फ्टमध्ये खोली मिळाली हे मी घरी सांगितलं तेव्हा आईने देवापुढे साखर ठेवली. ऑगस्ट 2024 मध्ये इथे खोली मिळणं ही खरंच तेवढी मोठी गोष्ट होती. महिना साडेसहाशे युरो, सायकलने विद्यापीठ बारा मिनिटांवर, खिडकीतून कालवा दिसायचा. जाहिरातीच्या शेवटी दोन डच शब्द होते, ते मी वाचलेच नाहीत. ‘खेन इनस्ख्रेइव्हिंग’, म्हणजे या पत्त्यावर नोंदणी होणार नाही. त्या दोन शब्दांनी माझे पहिले दोन महिने खाल्ले. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहितेय.

प्रवेश आणि व्हिसा सुरळीत झाला, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. अडलं ते इथे आल्यावर. नेदरलँड्समध्ये चार महिन्यांपेक्षा जास्त राहायचं असेल तर पोहोचल्यापासून पाच दिवसांत खेमेन्तेमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, राहत्या पत्त्याची नोंद करावी लागते. ती नोंद झाली की नऊ आकड्यांचा बीएसएन क्रमांक मिळतो. आपल्या आधारसारखाच म्हणा, पण त्याच्यावाचून अडणाऱ्या गोष्टी इथे जास्त. पगार, विमा, डॉक्टर, कर, सगळीकडे आधी तोच विचारतात. सरकारी कामांसाठी डिजीडी नावाचं ऑनलाइन खातं लागतं, तेही त्याच्याशिवाय उघडत नाही.

मी 18 ऑगस्टला उतरले. नगरपालिकेची वेळ घेतली आणि पासपोर्ट, जन्मदाखला, भाड्याचा कागद घेऊन गेले. खिडकीवरच्या बाईंनी कागद शांतपणे वाचला आणि विचारलं, “हे घर याच्या नावावर आहे का?” मला माहीत नव्हतं. त्यांनी पडद्यावर पाहून सांगितलं की ज्याने मला खोली दिली तो स्वतःच भाडेकरू आहे. म्हणजे मी पोटभाडेकरू. अशा वेळी तिथे आधीपासून नोंद असलेल्या मुख्य रहिवाशाचं संमतीपत्र आणि त्याच्या ओळखपत्राची प्रत लागते. त्यांनी कोरा फॉर्म हातात दिला. “जिथे झोपता तिथे नोंद करणं हा तुमचा हक्क आहे आणि कर्तव्यही,” असं त्या म्हणाल्या. पण कागद हवाच.

मला वाटलं, एक सही तर हवीय, संध्याकाळी घेऊ. संध्याकाळी तो म्हणाला, पुढच्या आठवड्यात बघू. पुढच्या आठवड्यात म्हणाला, जाहिरातीत लिहिलं होतं ना. त्यानंतर मेसेजवर दोन निळ्या खुणा यायच्या, उत्तर यायचं नाही. घरमालकाला न सांगता त्याने खोल्या दिल्या होत्या. माझी नोंद झाली असती तर ते उघडं पडलं असतं. हे कळायला मला तीन आठवडे लागले, आणि ते तीन आठवडे मी रोज त्याच्या दारावर टकटक करत घालवले. एकदा फॉर्म आणि पेन दाराखालून सरकवलं. सकाळी दोन्ही तसंच परत सरकवलेलं होतं, फॉर्मची घडीही न उलगडलेली. त्या दिवशी मी वर्गात गेलेच नाही.

तोवर बाकी सगळं अडून बसलं होतं. एका ठिकाणी आठवड्याला काही तासांचं काम ठरलं होतं. तिथे म्हणाले, आधी क्रमांक आणा, तो नसेल तर नियमाप्रमाणे पगारातून 52 टक्के कर कापावा लागेल. बँकेत खातं नाही, म्हणून बाबांनी भरून दिलेल्या कार्डावर चालवत होते. युरो तेव्हा नव्वद रुपयांच्या वर होता. दुकानात ब्रेड उचलला तरी मनात गुणाकार व्हायचा. घरी फोनवर मात्र “सगळं छान चाललंय” म्हणत होते, आणि ते खोटं बोलणं मला सर्वात जास्त लागलं.

(कामाबद्दल एक आठवलं: आपल्या पासपोर्टवर शिकणाऱ्यांना वर्षभर आठवड्याला 16 तासांपर्यंत किंवा जून, जुलै, ऑगस्टमध्ये पूर्णवेळ काम करता येतं. परवाना काम देणाऱ्याने काढायचा असतो. काम सुरू झालं की इथला आरोग्य विमा सक्तीचा होतो, तो विसरू नका.)

त्या दिवसांत मला सावरलं ते हेगच्या बाजाराने. डेल्फ्टहून ट्राम नंबर एकने हेगला जायचं आणि तिथून हाख्स मार्क्ट गाठायचा. भेंडी, मेथी, कारली, हिरव्या मिरच्यांचे ढीग. विकणारे बरेचसे सुरिनामचे, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या जुन्या डच वसाहतीतले, हिंदुस्तानी. त्यांचे पूर्वज 1873 पासून मजूर म्हणून भारतातून सुरिनामला नेले गेले, आणि पुढच्या पिढ्या तिथून इथे आल्या. एका आजींनी मला त्यांच्या सरनामी बोलीत विचारलं, मी हिंदीत उत्तर दिलं. निम्मं कळलं, निम्मं हसण्यात गेलं. मेथीची एक जुडी त्यांनी वर घातली. बाजार सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि शनिवारी असतो. उगाच मंगळवारी जाऊ नका.

सप्टेंबरच्या शेवटी वर्गातल्या एका मुलीने सांगितलं की तिच्या ओळखीच्या एका बाई वरच्या मजल्यावरची खोली देणार आहेत. स्वतःच्या राहत्या घरातली खोली भाड्याने देणाऱ्या बाईला इथे ‘होस्पिता’ म्हणतात. या साधारण सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या. मी गेले तेव्हा त्यांनी कॉफी आणि एक बिस्किट दिलं आणि डबा बंद करून ठेवला. मी घोटभर कॉफी प्यायच्या आत विचारलं, “इथे नोंदणी करता येईल का?” त्यांना प्रश्नच कळला नाही. “तू इथे राहणार ना? मग दुसरीकडे कुठे करणार?”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मग त्यांनी जे केलं ते नीट वाचा, कारण हे प्रत्येकाला उपयोगी आहे. स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांनी पासपोर्टची प्रत ठेवली. जाड काळ्या पेनाने स्वतःचा बीएसएन खोडला. खाली अक्षरांच्या ओळीतही तो होता, तिथेही खोडला, आणि कागद उजेडाकडे धरून आकडे दिसत नाहीत ना हे पाहिलं. मग प्रतीवर आडवं लिहिलं: फक्त नगरपालिकेसाठी, आणि तारीख. “कुणालाही कोरी प्रत देऊ नकोस,” म्हणाल्या. मी पहिल्या खोलीसाठी माझ्या पासपोर्टची स्वच्छ प्रत अनोळखी माणसाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली होती. ते आठवून पोटात गोळा आला. तुम्ही पाठवू नका.

पुढच्या वेळी खिडकीवरचं काम दहा मिनिटांत झालं. आठ ऑक्टोबरला दाराच्या फटीतून पत्र पडलं. एकावन्नावा दिवस. मी ते जिन्यात बसूनच उघडलं आणि नऊ आकडे बाबांना फोनवर वाचून दाखवले. मग बाबा म्हणाले, “कुणाला सांगू नये ना गं हा नंबर?” आणि आम्ही दोघं हसलो.

राहिलेल्या गोष्टी, आठवतील तशा. भारतातून निघण्याआधी जन्मदाखला नीट बघा. आपल्याकडे बारशाच्या आधी नोंद झालेल्या कित्येक जुन्या दाखल्यांवर बाळाचं नावच नसतं. ते आधी घालून घ्या, मग राज्याची पडताळणी आणि परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद चालावा म्हणून लागणारा शिक्का. इथून ते करवणं म्हणजे घरच्यांना हेलपाटे. डिजीडीचा कोड पोस्टानेच येतो, म्हणून पत्रपेटी रोज बघा. निळा लिफाफा कर खात्याचा, तो न उघडता ठेवू नका. हौसआर्ट्सकडे, म्हणजे आपल्या भागातल्या डॉक्टरकडे, आजारी पडण्याआधी नाव घाला. अंधारात सायकलला पुढे पांढरा किंवा पिवळा, मागे लाल दिवा हवाच. आणि अनामत रक्कम: जुलै 2023 पासून दोन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. माझी परत मिळायला डिसेंबर उजाडला, तीही घरमालकांविरुद्धच्या तक्रारींसाठी नगरपालिकेत वेगळा कक्ष असतो हे मी पहिली खोली देणाऱ्याला लिहून कळवल्यावर.

आता आमच्याकडची मुलं विचारतात तेव्हा मी त्यांना एकच वाक्य पाठवते, पैसे द्यायच्या आधी विचारायला: ‘कान इक मे हीर इनस्ख्रेइव्हन?’ मी इथे नोंदणी करू शकते का. गेल्या आठवड्यात कऱ्हाडच्या एका मुलाने ते तीन ठिकाणी पाठवलं. दोन ठिकाणांहून उत्तरच आलं नाही. तिसऱ्याकडून ‘हो’ आलं आणि सोबत सही केलेलं संमतीपत्र, ओळखपत्रावरचा क्रमांक काळ्या पेनाने खोडलेला. रविवारी त्याचं विमान आहे.