बॉनहॅमचे पांढरे घर

डॅलसच्या उत्तरेला प्लेनो येथे भाचीकडे मुक्कामास गेलो असताना, पाहुण्यांना दाखवायच्या स्थळांची तिची यादी दोन दिवसांतच संपली. मग मी बॉनहॅमचे नाव काढले, तेव्हा टेक्ससमध्ये बारा वर्षे राहूनही तिला ते नकाशात शोधावे लागले. १२१ क्रमांकाच्या महामार्गाने ईशान्येकडे निघाले की मॅकिनीनंतर नव्या वसाहती विरळ होत जातात, गुरांची कुरणे दिसू लागतात आणि तास-सव्वा तासात फॅनिन कौंटीचे हे छोटे मुख्य ठिकाण येते. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात १९१३ पासून १९६१ मध्ये मृत्यू येईपर्यंत सलग निवडून गेलेले, आणि तीन खेपांत मिळून सुमारे १७ वर्षे सभापती राहिलेले डेमोक्रॅटिक पक्षाचे सॅम रेबर्न येथले.

त्यांच्या नावाचे ग्रंथालय १९५७ मध्ये उघडले. आत वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमधील, म्हणजे अमेरिकी संसदभवनातील, सभापतींच्या दालनाची प्रतिकृती आहे. ऑगस्ट १९४१ मध्ये सक्तीच्या लष्करी सेवेची मुदत वाढवणारे विधेयक २०३ विरुद्ध २०२ असे एका मताने तरले, आणि फेरविचाराची वाट रेबर्न यांनी नियमांवर बोट ठेवून तत्काळ बंद केली. अमेरिकेला दुसऱ्या महायुद्धात ओढणारा पर्ल हार्बरवरील जपानी हल्ला त्यानंतर चार महिन्यांच्या आतला. पण त्यांचा निम्मा कारभार अशा भारदस्त दालनात होतच नसे. कॅपिटॉलच्या खालच्या मजल्यावरील एका खोलीत संध्याकाळी निवडक सहकारी पेला हाती घेऊन जमत. १२ एप्रिल १९४५ रोजी उपाध्यक्ष ट्रुमन तेथेच आले असताना त्यांना व्हाइट हाउसला तातडीने बोलावणारा निरोप मिळाला. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट वारले होते.

गावाच्या पश्चिमेला रेबर्न यांनी १९१६ मध्ये बांधलेले दुमजली पांढरे घर आता संग्रहालय आहे. मला येथेच जास्त वेळ रेंगाळावेसे वाटले. अकरा भावंडांतले हे आठवे. टेनेसीहून येथे आलेल्या कुटुंबाच्या ४० एकरांच्या शेतात त्यांनी लहानपणी कापूस वेचला होता. १९२७ मध्ये झालेला विवाह तीन महिनेही टिकला नाही, आणि पुढे घर सांभाळले ते बहिणीने. १९४७ मध्ये सभापतिपद गेले आणि सरकारी मोटारही गेली, तेव्हा पक्षातील सहकाऱ्यांनी वर्गणी काढून दिलेली कॅडिलॅक येथे उभी आहे. एवढ्या मोठ्या अधिकारपदानंतर स्वतःच्या नावे एवढेच वैभव, हे आपल्याकडच्या डोळ्यांना जरा अविश्वसनीयच वाटते.

१९३०च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेत दहापैकी जेमतेम एका शेतावर वीज होती, कारण मैलभर तारा ओढून दोन-चारच गिऱ्हाईके मिळणार असतील तर खासगी कंपन्यांना ते परवडत नसे. रेबर्न आणि सिनेटर जॉर्ज नॉरिस यांनी पुढे रेटलेल्या १९३६च्या ग्रामीण विद्युतीकरण कायद्याने शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांना अल्प व्याजाने कर्ज दिले, आणि त्या संस्थांनीच खांब रोवले. साखर कारखान्यांच्या मुलखातून आलेल्या माणसाला ही रीत समजावून सांगावी लागत नाही. माझ्या आजोळी संध्याकाळी कंदिलाची काच राखेने पुसण्याचे काम माझ्याकडे असे. रेबर्न यांच्या घराच्या स्वयंपाकघरात उभे असताना मला ती राख आठवत राहिली.

परतीच्या वाटेवर विलो वाइल्ड स्मशानभूमीत थांबलो. कर्करोगाने ग्रासल्यावर रेबर्न वॉशिंग्टन सोडून गावी परतले आणि १६ नोव्हेंबर १९६१ रोजी बॉनहॅममध्येच वारले. अंत्यविधीसाठी गावातील बाप्टिस्ट चर्चमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी, माजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन व आयझेनहॉवर आणि उपाध्यक्ष लिंडन जॉन्सन उपस्थित होते. त्यांतील केनेडी पुन्हा या बाजूला आले ते दोन वर्षांनी, डॅलसला. भाचीने गाडी सुरू केली तरी आम्ही काही वेळ काहीच बोललो नाही.