1024 डिग्री

काल रात्रीपासून तेच डोक्यात. कोल्ड स्टोरेजमध्ये 4.0 डिग्री आणि माझ्या स्क्रीनवर 1024.0. मी बघितलं आणि सरळ काकांना फोन लावून म्हटलं तुमचं वायरिंग गंडलंय. ते काहीच बोलले नाहीत, रात्री साडेदहापर्यंत थांबून सगळी केबल परत ओढली त्यांनी.

वायरिंग ठीकच होतं. सेन्सर मोडबसवर (मशीनांनी एकमेकांना आकडे पाठवायची ठरलेली पद्धत) 4.0 चे दहापट, 40 करून पाठवतो, हेक्समध्ये (सोळाच्या पटीत मोजायच्या अंकांत) 00 28, मोठा म्हणजे वरच्या स्थानाचा बाइट आधी, इथे 00, 1979 पासून मोडबसचं हेच चालत आलंय. माझं मशीन इंटेलचं, ते मेमरीत लहान बाइट आधी ठेवतं, आणि मी आलेले दोन बाइट तसेच उचलून नंबर म्हणून वाचले, म्हणजे 2800 हेक्स, म्हणजे 10240, दहाने भागून 1024.0. आणि टेस्ट केली नव्हती असंही नाही! बर्फाच्या पाण्यात प्रोब बुडवला, शून्य आलं. शून्याचे बाइट उलटले तरी शून्यच. मधेच 25.6 दिसायचं, मला वाटलं प्रोब पाण्याबाहेर आला असेल. ते खरं तर 0.1 होतं, 1 चे बाइट उलटले की 256.

इतकी वर्षं हेच करतेय आणि तरी. घरी कोणाला सांगणार, आईला कालच काहीतरी बोलले, ते जाऊदे.

पण सीआरसी जुळत होता, म्हणजे बाइट वाटेत बिघडले का ते पकडायला प्रत्येक निरोपासोबत येणारा आकडा. हे मला सारखं टोचतंय. प्रत्येक फ्रेमचा, म्हणजे निरोपाचा, जुळत होता, लॉग समोर उघडा होता, वायर खराब असती तर एवढा सलग जुळलाच नसता. म्हणजे फोन लावायच्या आधीच मला कळायला हवं होतं की बाइट नीट पोचतायत, चूक माझ्या वाचण्यात आहे.

आता मोठा बाइट आठ बिट डावीकडे सरकवून त्यात लहान मिळवला, एक ओळ, मशीन कुठलंही असो चालतं. 4.0 आलं. मग जरा शांत बसले तर आजोबांचं 'अङ्कानां वामतो गतिः' आठवलं, अंक उजवीकडून डावीकडे चालतात. आपणही 24 लिहिताना दोन आधी लिहितो आणि म्हणताना चोवीस, चार आधी, आणि कुणाचं काही अडत नाही कारण ऐकणाऱ्याला क्रम माहीत असतो. कोड लिहिताना तो मी विचारला नाही, बस. होतं असं.

काकांचा मेसेज आलाय, "आता बरोबर दाखवतंय का?" मी 'हो' लिहिलं, खोडलं. फोनच करते. वायरिंगचं बोलले होते तेही फोनवरच.