लेकासोबत राजगड

आज लेकाला घेऊन राजगड केला. गुंजवण्यातून चोर दरवाज्याची वाट धरली. शेवटचा कातळटप्पा चांगलाच अंगावर येतो. रेलिंगला धरून पठ्ठ्या माझ्यापुढे चढत होता आणि वळून मलाच सांगत होता, "बाबा, उजवा पाय त्या खोबणीत ठेव."

पद्मावती माचीवर ताक पिताना त्याला सांगितलं, सईबाई राणीसाहेब १६५९ साली याच गडावर वारल्या, तेव्हा शंभूराजे जेमतेम दोन वर्षांचे होते. "मग त्यांना कोणी सांभाळलं?" मी जिजाऊंबद्दल बोललो, कापूरहोळच्या धाराऊबद्दल बोललो. त्यावर तो बराच वेळ एकेक विचारत राहिला.

सुवेळा माचीच्या नेढ्यात, म्हणजे कातळातल्या आरपार भोकात, भन्नाट वारा होता. तिथे बसून वर्गातल्या एका मित्राशी बिनसलंय ते आपणहून बोलला. घरी कितीदा विचारलं तरी "काही नाही" एवढंच उत्तर मिळायचं. मी फक्त ऐकलं. फार बरं वाटलं.

संजीवनी माचीकडून तोरण्याला वाट जाते हे कळल्यापासून त्याने तेच धरून ठेवलंय. थंडीत जायचा विचार आहे. मुलांना घेऊन राजगड-तोरणा कोणी केलाय का? वाटेत पाण्याचं कसं काय, जरूर सांगा.