ते गाणं नव्हतं

“तो गात नाहीये. तुम्ही त्याच्या घरट्याजवळ उभे आहात.”

गळ्यात दुर्बीण अडकवलेल्या एक आजी अगदी शांतपणे म्हणाल्या आणि माझा मोबाइल धरलेला हात आपोआप खाली आला.

इंग्लंडमधल्या डर्वेंट धरणाच्या वरचा, हेदर नावाच्या झुडपांचा माळ. डोक्यावर कर्ल्यू पक्षी ओरडत घिरट्या घालतोय आणि मी पाच मिनिटं खुशाल रेकॉर्डिंग करतोय! ‘काय गोड आवाज’ म्हणून घरच्या ग्रुपवर टाकायचंही ठरलं होतं.

कर्ल्यू जमिनीवरच, गवतातल्या खळग्यात अंडी घालतो. माणूस हलत नाही तोवर तो परत बसत नाही, आणि अंडी गार पडत जातात. अशा माळांवर १ मार्च ते ३१ जुलै कुत्रा २ मीटरच्या आतल्या दोरीनंच न्यायचा नियम आहे. फाटकावर पाटी होती. माझ्याकडे कुत्रा नाही, म्हणून मी ती वाचून निवांत पुढे गेलो.

हीच जात हिवाळ्यात कोकणातल्या खाड्यांच्या चिखलात लांब वाकडी चोच खुपसत फिरते. तिथे तो असा जिवाच्या आकांतानं ओरडताना कधी ऐकला नव्हता.

व्हिडिओ अजून डिलीट केलेला नाही. आवाज बंद करून दोनदा पाहिला.