तुम्ही विचारलंत म्हणून: बिग बँग वेदात आधीच लिहिलंय काय?

कोल्हापुरात रंकाळ्यावर दुर्बीण लावली की शनीची कडी बघून झाल्यावर कोणीतरी विचारतंच, "सर, हे बिग बँग, म्हणजे विश्व एका अतिउष्ण, दाट अवस्थेतून फुगत सुरू झालं, हे सगळं आपल्या वेदात आधीच लिवलंय म्हणत्यात, खरं काय ओ?" लग्नाच्या पंगतीतपण हेच विचारत्यात, म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

माझं उत्तर नाही असं आहे. त्यावर लगेच ४३२ कोटी पुढं येतात, म्हणजे ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा आणि पृथ्वीचं वय ४५४ कोटी, बघा कसं जुळलं! पण जुळलं कुठं? पूजेला बसल्यावर भटजी संकल्प सांगतात ना, श्वेतवाराह कल्प, वैवस्वत मन्वंतर, अठ्ठाविसावं युग, तो ब्रह्मदेवाच्या दिवसात आपण कुठं आहोत त्याचा पत्ता; तो सगळा धरून हिशोब मांडला तर या दिवसातली आत्तापर्यंत साधारण १९७ कोटी वर्षंच झालीत. कोल्हापुरातनं निघालेली एसटी अजून साताऱ्यातच आहे आणि आपण तिकिटावर पुणे वाचून पोचलो म्हणतोय. आणि विश्वाचं वय तर १३८० कोटी, त्याचं काय?

दुसरं, जयंत नारळीकर आपल्या कोल्हापुरात जन्मले, १९३८ साली. इंग्लंडच्या फ्रेड हॉइल या शास्त्रज्ञासोबत त्यांनी ज्या स्थिर विश्वाच्या सिद्धांतावर काम केलं त्यात विश्वाला सुरुवातच नाही, पुढं १९६५ ला सगळ्या दिशांनी येणारी मायक्रोवेव्ह किरणं, म्हणजे सुरुवातीच्या उष्णतेची उरलेली धग, सापडली आणि बिग बँगचं पारडं जड झालं. आता गंमत बघा, अनादि-अनंतवाले श्लोक पहिल्याला फिट बसतात आणि हिरण्यगर्भ, म्हणजे ज्यातून सृष्टी निघाली तो सोन्याचा गर्भ, दुसऱ्याला, उद्या तिसरंच काही निघालं तर त्यालाही ऋचा सापडणारच, फक्त शोध लागायच्या आधी कधी सापडत नाही.

मग पोथ्यात काहीच नाही काय? आहे की! ऋग्वेदातलं नासदीय सूक्त वाचा, शेवटी ऋषी सरळ म्हणतोय की सृष्टी कुठून आली हे वरच्या अध्यक्षाला माहीत असेल, कदाचित त्यालाही नसेल. मला तर ही ओळ दहा बिग बँगपेक्षा भारी वाटते. आणि विष्णुपुराणात चंद्र सूर्याच्याही पलीकडं आहे, पण आर्यभटानं ४९९ मध्ये पुराणाची भीड न ठेवता चंद्र सगळ्यात जवळ मांडला, ग्रहण सावलीनं लागतं म्हणाला, पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणाला, आणि त्यावर पुढच्या काळातल्या ब्रह्मगुप्त या गणितज्ञानं त्याला झोडपला पण. अभिमान बाळगायचा तर या भांडणाचा बाळगा.

"मग अंबाबाईचा किरणोत्सव?" हापण येतोच प्रश्न, म्हणजे मावळत्या सूर्याची किरणं थेट देवीच्या मूर्तीवर पडतात तो. तो नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या शेवटी असा दोनदा होतो, कारण २१-२२ डिसेंबरच्या साधारण ४० दिवस आधी आणि तितकेच दिवस नंतर सूर्य क्षितिजावर त्याच जागी मावळतो, गच्चीवर उभं राहून कुणीही ताडून बघावं.